अडतिसाव्या वर्षीचा पेन्शनर

बँकेतला माणूस साठीला निवृत्त होतो, शाळेतले गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी. फौजेतला नाईक मात्र 38-40 व्या वर्षी पेन्शन घेऊन गावी येतो. मुलगी आठवीत, धाकटा अजून अंकलिपी गिरवतोय, आईवडील थकलेले आणि घराच्या वरच्या मजल्याचे काम अर्धवट. नेमके याच दिवसांत ग्रॅच्युइटी, विकलेल्या पेन्शनची रक्कम, प्रॉव्हिडंट फंड, ग्रुप इन्शुरन्सचा परतावा आणि शिल्लक रजेचे पैसे थोड्या अंतराने त्याच्या खात्यावर येतात. एवढी रक्कम त्याने उभ्या आयुष्यात एकत्र पाहिलेली नसते. ती आल्याची खबर त्याच्या बायकोच्या आधी विमा एजंटाला, जमिनीच्या दलालाला आणि दोन-तीन भावकीतल्यांना लागलेली असते.

पैशाचा सल्ला देणारी बहुतेक पुस्तके ज्याच्यासाठी लिहिली जातात तो वाचक वेगळा. तो एका शहरात राहतो, पस्तीस वर्षे नोकरी करतो, पगार चढत जातो आणि साठीला थांबतो. जवानाची कमाई या साच्यात बसत नाही. त्याला पेन्शनसाठी किमान 15 वर्षांची नोकरी लागते, अधिकाऱ्याला 20. पेन्शन मिळते ती शेवटच्या पगाराच्या निम्मी, महागाई भत्त्यासह, आणि हयातभर. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस) लागू झाली, तेव्हा सैन्यदले तिच्यातून वगळली गेली. म्हणजे ज्या खात्रीच्या पेन्शनसाठी बाकीचे कर्मचारी मोर्चे काढतात, ती नियमित भरतीच्या जवानाला आहेच. त्याची अडचण दुसरी आहे. नियमित उत्पन्नाची हमी असलेल्या या माणसाला मोठ्या रकमेचे सगळे निर्णय सहा-आठ महिन्यांत घ्यावे लागतात, आणि ते कसे घ्यायचे हे शिकायला आधीच्या वीस वर्षांत त्याला सवड मिळालेली नसते.

हा विषय मराठी वाचकाच्या घरातलाच आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. सेनेतल्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पुण्यात, गोळीबार मैदानाजवळच्या लेखा कार्यालयात होतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागते. पहिल्या महायुद्धात या एका गावाची 46 माणसे कामी आली. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात ‘फौजी’ हा शब्द व्यवसाय म्हणून जातो तसा हाकेलाही चालतो. तरीही या माणसाच्या पैशाविषयी मराठीत धड लिहिलेले फार कमी सापडते.

सुरुवात पगाराच्या चिठ्ठीपासून करावी लागते. सातव्या वेतन आयोगात शिपायाचा मूळ पगार 21,700 पासून सुरू होतो, त्यावर 5,200 रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. अधिकाऱ्याला हाच घटक 15,500 रुपयांचा. त्यापुढे महागाई भत्ता आणि मग पोस्टिंगप्रमाणे बदलणारे भत्ते. सियाचिनमधल्या जवानाचा जोखीम भत्ता 2017 मध्ये महिना 14,000 वरून 30,000 झाला. पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत छावणीत, परत आल्यावर हा भत्ता बंद होतो, पण त्याच्या जोरावर काढलेल्या मोटारीचा हप्ता बंद होत नाही. फील्डमधल्या दोन वर्षांच्या पगारावर दहा वर्षांचे कर्ज उचलणे हा जवानाच्या घरातला सर्वांत नेहमीचा घोटाळा. बँकेचा माणूस तो होऊ देतो, कारण त्याच्यासमोर असते ती मागच्या तीन महिन्यांची पगार चिठ्ठी.

आता कर. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याखालच्या नियमांत भत्त्यांसाठी एक कोष्टक होते: फील्ड एरियाच्या भत्त्यापैकी महिना 2,600 रुपये करमुक्त, 15,000 फुटांवरच्या भत्त्यापैकी 1,600, बंडखोरीविरोधी मोहिमेच्या भत्त्यापैकी 3,900. भत्ते कितीतरी वाढले, कोष्टकातले आकडे वर्षानुवर्षे तिथेच राहिले. या सवलती जुन्या करपद्धतीतच चालतात. नव्या पद्धतीत त्या नाहीत. तरी बहुसंख्य जवानांना त्याचे सुखदुःख उरलेले नाही, कारण 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट वेगळी. म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत वार्षिक पगार असलेल्या शिपायापासून सुभेदारापर्यंत कोणालाही कर वाचवण्यासाठी एक रुपयाही कुठे गुंतवण्याची गरज नाही.

एजंट ही गोष्ट सांगणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टीवर आलेल्या जवानाला अजूनही ‘टॅक्स वाचेल’ म्हणत वीस वर्षांची एंडोमेंट पॉलिसी गळ्यात मारली जाते. कर लागतच नसेल तर वाचणार काय? शिवाय विमा हप्त्यावरची, आजवर 80-सी नावाने ओळखली जाणारी वजावट नव्या पद्धतीत मिळतच नाही. विमा हवा असेल तर तो विमा म्हणून घ्यावा. ग्रुप इन्शुरन्सचे कवच पगारातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर मिळतेच. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड 1976 पासून हे काम करतो, आणि वर्गणीचा बचतीचा भाग निवृत्तीला परत येतो. टपाल खात्याची पोस्टल लाइफ इन्शुरन्स तर 1884 पासूनची. एजंटाच्या पॉलिसीकडे वळण्याआधी या दोन्हींचे कागद एकदा शेजारी ठेवून पाहिले, तर पुष्कळ हप्ते वाचतात.

प्रॉव्हिडंट फंडाबद्दल थोडक्यात. अधिकाऱ्यांचा डीएसओपी आणि जवानांचा एएफपीपी, दोन्हींवर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के व्याज मिळत आले आहे. किमान वर्गणी पगाराच्या 6 टक्के. वाढवता येते, पण वर्षाला 5 लाखांपर्यंतच. इतक्या सुरक्षित आणि करमुक्त व्याजाची दुसरी जागा जवानाला बाहेर सहजी मिळत नाही. ती सोडून मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणारी पोरे युनिटच्या लाइनीत वाढत आहेत. त्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेला एक आकडा दाखवावा: तीन आर्थिक वर्षांत या बाजारातल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले, आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. शिवाय हे उत्पन्न धंद्याचे धरले जाते, म्हणजे साधे ‘सहज’ विवरणपत्र भरून भागत नाही.

खरा पेच निवृत्तीचा. पेन्शनचा अर्ज भरताना कारकून विचारतो, ‘कम्युट किती करणार?’ नागरी कर्मचाऱ्याला 40 टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते, फौजीला 50 टक्क्यांपर्यंत. बहुतेक जण विचार न करता पन्नास लिहून मोकळे होतात. आकडे मांडून पाहू. मूळ पेन्शन 20,000 धरा. निम्मी, म्हणजे 10,000 विकली. अडतिसाव्या वर्षी पेन्शन विकण्याच्या सरकारी कोष्टकातला गुणक 9.1 च्या आसपास आहे. दहा हजार गुणिले बारा गुणिले 9.1, म्हणजे 10 लाख 92 हजार हातात. पुढची 15 वर्षे दरमहा 10,000 कापले जातात, एकूण 18 लाख. मग पेन्शन पूर्ववत होते. हे जणू वर्षाला सव्वासात टक्क्यांच्या जवळपास व्याजाने घेतलेले कर्ज झाले. वरवर महाग वाटते, पण याला तीन जमेच्या बाजू आहेत. ही रक्कम पूर्ण करमुक्त असते. महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो. आणि पेन्शनर मध्येच गेला तर उरलेली कपात संपते. पत्नीच्या कौटुंबिक पेन्शनला तिचा धक्का लागत नाही. तेव्हा गृहकर्ज साडेआठ-नऊ टक्क्यांचे चालू असेल, तर पेन्शन विकून ते फेडणे शहाणपणाचे. मुलीच्या लग्नाच्या मांडवासाठी विकणे मात्र नाही. आणि ‘पैसे दुप्पट’ करणाऱ्या योजनेसाठी तर मुळीच नाही.

अशा योजनांचा इतिहास आपल्याकडे लहान नाही. जमिनीच्या नावाखाली गावोगाव हप्ते गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीला सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये 49,100 कोटी रुपये लोकांना परत करण्याचा आदेश दिला; ठेवीदारांना पैसे परत देण्यासाठी पुढे माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्यांच्या हाती एकरकमी पैसा आहे आणि शेजारच्या पाहुण्यावर विश्वास आहे, अशा माणसांवर असल्या योजना पोसल्या जातात. माजी सैनिक दोन्ही कसोट्यांना उतरतो. त्यातून एजंट स्वतः माजी सैनिक असेल, तर संशयाला जागाच उरत नाही.

निवृत्तीनंतरची दुसरी नोकरी हा आणखी एक प्रांत. कोणी बँकेत सुरक्षारक्षक होतो, कोणी पोलीस दलात किंवा कारखान्यात जातो. इथे कराचा असा एक सापळा आहे जो वर्षभर दिसतच नाही. एक उदाहरण घेऊ. निवृत्त सुभेदाराला वर्षाला 5 लाख 40 हजार पेन्शन आणि खाजगी कंपनीत 8 लाख पगार आहे. पेन्शन देणारी यंत्रणा फक्त पेन्शन पाहते, कर शून्य. कंपनी फक्त पगार पाहते, कर शून्य. दोन्हीकडून फॉर्म 16 येतात आणि दोन्हींत 75,000 ची प्रमाणित वजावट दाखवलेली असते. वजावट खरे तर एकदाच मिळते. दोन्ही उत्पन्ने मिळून 13 लाख 40 हजार, वजावट जाऊन 12 लाख 65 हजार. बारा लाखांची रेषा ओलांडली की रिबेट जाते. फक्त कर हा बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त होऊ दिला जात नाही. म्हणजे 65,000 रुपये कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 67,600. शिवाय आगाऊ कर न भरल्याचे व्याज. जुलैत विवरणपत्र भरताना सुभेदाराला हे पहिल्यांदा कळते. यावरचा उपाय अगदी साधा आहे: नव्या कंपनीत रुजू होतानाच पेन्शनचा आकडा लेखी कळवायचा, म्हणजे कंपनी दोन्हींचा मिळून कर दरमहा कापते.

ऊस असला तर अजून एक बारकावा. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून ते विवरणपत्रात दाखवायचेच नाही, असा सार्वत्रिक समज. तो चुकीचा आहे. शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर गेले की ‘सहज’ विवरणपत्र भरता येत नाही, दुसरे भरावे लागते.

कराचा पुढचा प्रश्न थकबाकीचा. सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन, या वन रँक वन पेन्शनचा आदेश 7 नोव्हेंबर 2015 रोजी निघाला आणि तो 1 जुलै 2014 पासून लागू झाला. दर पाच वर्षांनी फेरआढावा, म्हणून 2019 आणि 2024 च्या जुलैपासून नवे तक्ते आले. फरकाची थकबाकी मागाहून एकदम मिळते, आणि ती ज्या वर्षी हाती येते त्याच वर्षाचे उत्पन्न धरली जाते. मागच्या वर्षांत ती वाटून कर मोजण्याची सवलत आहे, पण आजवर 10-ई नावाने ओळखला जाणारा फॉर्म विवरणपत्राच्या आधी भरला तरच. आठव्या वेतन आयोगाचे काम न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेले आहे. त्याच्या शिफारशी लागू होतील तेव्हा थकबाकीचा हाच प्रश्न लाखो घरांत पुन्हा येईल. त्यातच 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली, तेव्हा जुन्या पुस्तकांतले कलमांचे क्रमांक आता जपूनच वापरायचे.

काही सवलती मात्र खास फौजीच्याच. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र आणि अधिसूचित केलेल्या इतर शौर्य पदकांच्या मानकऱ्यांची पेन्शन करमुक्त, त्यांच्या पश्चात कुटुंबाची पेन्शनही. मोहिमेवर मृत्यू आलेल्या जवानाच्या कुटुंबाची पेन्शन करमुक्त. इतर कौटुंबिक पेन्शनवर कर लागतो, पण तो पगार म्हणून नव्हे. तिच्यातून एक तृतीयांश किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते वजा होते, आणि नव्या पद्धतीत ही कमाल रक्कम 25,000 आहे. सर्वांत वादाचा विषय अपंगत्व पेन्शनचा. तिच्या करमुक्तीचे मूळ 1922 च्या अधिसूचनेत आहे. 24 जून 2019 च्या परिपत्रकाने प्रत्यक्ष कर मंडळाने ही सवलत फक्त अपंगत्वामुळे सेवेतून काढले गेलेल्यांपुरती ठेवली. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला अपंगत्वाचा भाग मिळत असला तरी तो करपात्र धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सीमेवर पाय गमावूनही हट्टाने वीस वर्षे नोकरी पुरी करणाऱ्यावर कर, आणि लवकर घरी गेलेल्याला सूट, हे तर्कटच म्हणायला हवे.

एवढे करकायदे वाचून झाल्यावरही घरावर खरी आपत्ती येते ती एका साध्या कागदामुळे. फौजेत लग्न, मुलाचा जन्म, घटस्फोट यांची नोंद पार्ट टू ऑर्डरने होते. ही ऑर्डर निघाली नाही तर रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी बायको बायको नसते. आपल्याकडे त्यात भर पडते ती लग्नात नाव बदलण्याची. सुट्टीतल्या लग्नाची ऑर्डर युनिटच्या कारकुनाने सासरच्या नव्या नावाने काढलेली, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर तिसरेच स्पेलिंग आणि पॅनवर मधल्या नावाऐवजी नुसते आद्याक्षर. जवान हयात आहे तोवर हे कोणालाच खुपत नाही. तो गेला की पेन्शनच्या यंत्रणेत नाव जुळत नाही, आणि मुलांना घेऊन ती बाई तहसील, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस अशा फेऱ्या घालत राहते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, दोन साक्षीदार. सेवेतल्या मृत्यूच्या प्रकारानुसार कौटुंबिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत असते. ती दारात येऊन एका अक्षरासाठी अडते. प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रुप इन्शुरन्सचे नामनिर्देशनही वेगवेगळे असते. भरतीच्या वेळी अठराव्या वर्षी लिहिलेले आईचे नाव तिथे लग्नानंतर पंधरा वर्षांनीही तसेच राहिलेले असते. त्यावरून सासू-सुनेत कोर्टकज्जे झालेले गावोगाव ऐकू येतात.

दुसरे संकट फुकटच्या सल्ल्याचे. ‘रिफंड काढून देतो, दहा टक्के माझे’ असे म्हणणारा कोणीतरी युनिटच्या आसपास असतोच. तो विवरणपत्रात न दिलेले घरभाडे, न दिलेली देणगी, नसलेले कर्ज दाखवतो. जुलै 2025 मध्ये प्राप्तिकर खात्याने अशा खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर देशभर 150 ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटी रुपयांचे दावे स्वतःहून मागे घेतले होते. एजंट पसार होतो, नोटीस पॅनधारकाला येते.

शेवटी अग्निवीर, कारण वर सांगितलेले पेन्शनचे सारे गणित त्याच्या बाबतीत मोडते. 14 जून 2022 ला जाहीर झालेल्या या योजनेत नोकरी चार वर्षांची, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या वर्षी महिना 30,000. त्यातले 9,000 निधीत जाऊन हाती 21,000. चौथ्या वर्षी 40,000 पैकी 12,000 निधीत. चार वर्षांत त्याचे स्वतःचे 5 लाख 2 हजार, तितकेच सरकारचे, वर व्याज. आणि सेवानिधी म्हणून मिळणारी ही रक्कम करमुक्त. जास्तीत जास्त 25 टक्के जण पुढे नियमित सेवेत घेतले जातात, आणि त्यांना निधीतून फक्त स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो. बाहेर पडणाऱ्याने व्याज सोडून हातात येणारे 10 लाख 4 हजार सात टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला पाच हजार आठशे रुपयांच्या आसपास मिळतील. त्यावर घर चालत नाही. ही रक्कम पेन्शन नव्हे, पुढचे शिक्षण किंवा धंदा उभा करायचे भांडवल आहे.

2022 च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. या मुलांच्या आईवडिलांना एकच विनंती: पैसे खात्यावर येण्याआधी पोराबरोबर बसून त्याचे काय करायचे ते कागदावर लिहून ठेवा, आणि पहिले सहा महिने ती रक्कम बँकेतल्या साध्या मुदत ठेवीतून हलवू नका.